ज्याचा जसा गुण, त्याचे तसे रूप

वेबपृष्ठ वाचकाला एकसंध दिसत असले, तरी ते दोन वेगळ्या लेखनांतून उभे राहिलेले असते. पहिल्या लेखनात मथळा कोणता, परिच्छेद कोठे सुरू होतो, चित्र कोठे बसते आणि कोणत्या शब्दांवर बोट ठेवले असता दुसरे पृष्ठ उघडते, हे नोंदवलेले असते. या लेखनाच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. दुसऱ्या लेखनात त्या मथळ्याचा रंग, ओळींमधील अंतर, चित्राभोवतीची मोकळी जागा अशा दृश्य बाबी ठरवलेल्या असतात. या भाषेचे नाव सीएसएस, आणि तिच्यात लिहिलेल्या नियमांच्या संग्रहाला स्टाइलशीट, म्हणजे शैलीपत्रक, असे म्हणतात. ही दोन्ही लेखने वेगळी ठेवल्यामुळे मजकुराला हात न लावता शेकडो पृष्ठांचे रूप एकदम बदलता येते. मात्र त्यासाठी रूपाच्या नियमाला मजकुरातील नेमका घटक ओळखता यावा लागतो, आणि ही ओळख पटवण्याचे काम ‘सिलेक्टर’ करतो.

सीएसएसमधील नियमाची घडण मराठी वाचकाला परक्या वाटेने समजून घ्यावी लागत नाही, कारण मराठीतील ‘जो… तो…’ या वाक्यरचनेशी ती तंतोतंत जुळते. ‘जो घटक मथळा असेल, तो गडद निळा दिसावा’ या वाक्याचा ‘जो’पासून स्वल्पविरामापर्यंतचा भाग म्हणजे सिलेक्टर, आणि ‘तो’पासून पुढचा भाग म्हणजे त्या घटकासाठी केलेली घोषणा. पहिला भाग जितका नेमका, तितका दुसरा भाग योग्य ठिकाणी लागू पडतो. नियमाची सारी कुशलता म्हणूनच ‘जो’ किती काळजीपूर्वक सांगितला आहे, यात असते.

घटक ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे त्याचे नाव. परंतु नावाने केवळ जात कळते, व्यक्ती कळत नाही. एखाद्या पृष्ठावर चाळीस दुवे असतील तर त्या सर्वांचे घटकनाव एकच असते, आणि तरीही त्यांतील एक त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर नेतो, एक बाहेरच्या संकेतस्थळावर नेतो, एक पीडीएफ फाइल उतरवून घेतो, तर एक दूरध्वनी लावतो. हा भेद घटकाच्या नावात नसून त्याला जोडलेल्या ‘ॲट्रिब्यूट’मध्ये, म्हणजे गुणधर्मात, लिहिलेला असतो. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर घटक हे विशेष्य आणि ॲट्रिब्यूट हे त्याचे विशेषण होय. प्रत्येक ॲट्रिब्यूटला एक नाव असते आणि बहुधा एक मूल्यही असते: दुव्याचा ‘एचरेफ’ त्याचा पत्ता सांगतो, चित्राचा ‘आल्ट’ चित्राऐवजी वाचता येईल असे वर्णन देतो, अर्जातील रकान्याचा ‘टाइप’ तो रकाना कशासाठी आहे हे सांगतो, आणि ‘लँग’ मजकुराची भाषा सांगतो. या विशेषणांकडे पाहून घटक निवडणारा सिलेक्टर तो ॲट्रिब्यूट सिलेक्टर, आणि त्याची खूण म्हणजे चौकटी कंस. (प्रत्यक्ष लेखनात ही सारी नावे रोमन लिपीत असतात, येथे ती उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.)

उणीव आणि तिची पूर्तता

हाकोन व्हियुम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी शैलीपत्रकांचा पहिला प्रस्ताव मांडला, तेव्हा ते जिनेव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करत होते. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची उभारणी केली तीही याच संस्थेत. पुढे बर्ट बॉस हे डच तंत्रज्ञ त्यांना येऊन मिळाले, आणि वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानके ठरवणाऱ्या संस्थेने १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसच्या पहिल्या पातळीला मान्यता दिली. या पहिल्या पातळीत घटकाचे नाव, त्याला दिलेला ‘क्लास’ म्हणजे वर्गनाम, त्याचा ‘आयडी’ म्हणजे पृष्ठात एकदाच येणारी ओळख, आणि तो कोणत्या घटकाच्या आत आहे, मुख्यतः एवढ्याच आधारांवर निवड करता येत होती. इतर गुणधर्म विचारण्याची सोय तीत नव्हती.

ही उणीव सर्वाधिक जाणवत असे ती अर्जाच्या पृष्ठावर. नाव लिहिण्याचा रकाना, संमतीची चौकोनी खूण, दोहोंतून एक निवडण्याचे गोल बटण आणि अर्ज पाठवण्याचे बटण या चारही गोष्टी एचटीएमएलमध्ये ‘इनपुट’ या एकाच घटकातून घडतात आणि त्यांच्यातील फरक केवळ ‘टाइप’ या ॲट्रिब्यूटमध्ये असतो. त्यामुळे ‘इनपुट’ची रुंदी वाढवण्याचा नियम लिहिला की लेखनाच्या रकान्याबरोबर बटणही रुंदावे, आणि हे टाळण्यासाठी लेखकाला जे ‘टाइप’मध्ये आधीच लिहिलेले होते तेच पुन्हा वर्गनाम म्हणून प्रत्येक घटकावर लिहावे लागे. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की कधी तरी त्यातील एक बदलते आणि दुसरी तशीच राहते, हा हिशेबाच्या वह्यांतून सर्वांना ठाऊक असलेला धोका येथेही होता.

१२ मे १९९८ रोजी मान्य झालेल्या सीएसएसच्या दुसऱ्या पातळीने ॲट्रिब्यूट सिलेक्टरचे चार प्रकार आणले. तथापि मानक ठरणे आणि ते ब्राउझरमध्ये उतरणे यांत बरेच अंतर पडले. २००१ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीला हे सिलेक्टर समजत नसत, ते २००६ च्या सातव्या आवृत्तीपासून समजू लागले. आणि सीएसएसच्या नियमांनुसार न समजलेला सिलेक्टर असलेला संपूर्ण नियमच ब्राउझर सोडून देत असल्यामुळे त्या काळातील लेखक हे साधन वापरण्यास कचरत. सिलेक्टरांच्या तिसऱ्या पातळीला २९ सप्टेंबर २०११ रोजी मान्यता मिळाली, आणि तिने मूल्याचा एखादा अंश पाहून निवड करणारे आणखी तीन प्रकार दिले. आज हे सातही प्रकार प्रचलित ब्राउझरांत निर्धास्तपणे वापरता येतात.

सात प्रश्न

हे सात प्रकार म्हणजे घटकाला विचारलेले सात प्रश्न आहेत. पहिला प्रश्न केवळ अस्तित्वाचा: चौकटी कंसात फक्त ॲट्रिब्यूटचे नाव लिहिले, उदाहरणार्थ [रिक्वायर्ड], तर ज्या रकान्यावर ‘भरणे आवश्यक’ अशी खूण आहे तो रकाना निवडला जातो, मग तिचे मूल्य काहीही असो. दुसरा प्रश्न पूर्ण समानतेचा: [टाइप="चेकबॉक्स"] असे लिहिले की मूल्य तंतोतंत तेच असलेला घटक सापडतो, आणि वर सांगितलेला इनपुटचा प्रश्न एका ओळीत सुटतो.

तिसरा प्रश्न यादीतील शब्दाचा आहे. काही ॲट्रिब्यूटांत मोकळ्या जागेने तोडलेले अनेक शब्द असतात; दुव्याचा आणि पृष्ठाचा संबंध सांगणारा ‘रेल’ हा त्यांपैकी एक. अशा वेळी समान चिन्हाआधी ~ हे चिन्ह दिले, तर त्या यादीत विचारलेला शब्द संपूर्ण शब्द म्हणून आहे काय, हे पाहिले जाते. चौथा प्रकार, ज्यात | ही उभी रेघ येते, मुख्यतः भाषासंकेतांसाठी घडवला गेला आणि त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

उरलेले तीन प्रश्न अंशाचे आहेत: ^ असेल तर मूल्याचा आरंभ, $ असेल तर शेवट आणि * असेल तर कोठेही आलेला अंश. दुव्यांच्या बाबतीत हे तीन प्रकार विशेष उपयोगी पडतात, कारण पत्त्याच्या आरंभात आणि शेवटी बरेच काही लिहिलेले असते. ‘मेलटू:’ने सुरू होणारा पत्ता ईमेलचा, ‘टेल:’ने सुरू होणारा दूरध्वनीचा, आणि ‘.पीडीएफ’ने संपणारा पत्ता फाइलचा असतो. महाराष्ट्र शासनाचे निर्णय संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतात; अशा निर्णयांची यादी देणाऱ्या पृष्ठावर, ‘ए’ हे दुव्याचे घटकनाव घेऊन, ए[एचरेफ$=".पीडीएफ"] एवढा एक सिलेक्टर लिहिला, तर यादीतील आजच्या आणि उद्या भर पडणाऱ्या प्रत्येक दुव्यासमोर फाइलची खूण आपोआप उमटते, आणि मर्यादित डेटा असलेल्या वाचकाला बोट ठेवण्याआधीच कळते की आता पान उघडणार नसून फाइल उतरणार आहे.

परंतु ॲट्रिब्यूट सिलेक्टर अर्थ जाणत नाही, तो अक्षरे जाणतो, हे येथेच ध्यानात घ्यावे लागते. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि आवृत्तीचा क्रमांक जोडलेला असेल, तर फाइल पीडीएफच असली तरी पत्ता ‘.पीडीएफ’ने संपत नाही आणि खूण उमटत नाही. फाइलच्या नावातील ही तीन रोमन अक्षरे मोठ्या लिपीत असतील तरीही हेच घडते. दुसऱ्या अडचणीवर सिलेक्टरांच्या चौथ्या पातळीने उपाय दिला आहे: कंस मिटण्यापूर्वी ‘आय’ हे रोमन अक्षर लिहिले की मोठ्या आणि लहान लिपीतील भेद लक्षात घेतला जात नाही.

छापील प्रतीच्या संदर्भात या साधनाचा आणखी एक उपयोग आहे. कागदावर आलेला दुवा निर्जीव होतो, कारण त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. म्हणून छपाईपुरत्या शैलीपत्रकात ‘ज्या दुव्याला पत्ता आहे, त्या दुव्यानंतर तो पत्ता छापावा’ असा नियम लिहिता येतो, आणि पडद्यावर लपलेला पत्ता कागदावर शब्दांशेजारी प्रकट होतो.

मराठी पृष्ठ आणि ‘लँग’

मराठी लेखनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ॲट्रिब्यूट म्हणजे ‘लँग’. आंतरराष्ट्रीय संकेतपद्धतीत मराठीला ‘एमआर’ ही दोन अक्षरे मिळालेली आहेत, आणि त्यांच्यापुढे आडवी रेघ देऊन देश किंवा लिपी सांगता येते: ‘एमआर-आयएन’ म्हणजे भारतातील मराठी, ‘एमआर-मोडी’ म्हणजे मोडी लिपीत लिहिलेली मराठी. मोडीला २०१४ मध्ये युनिकोड या अक्षरसंकेतांच्या जागतिक मानकात स्थान मिळाल्यापासून हा दुसरा संकेत अभिलेखांच्या अभ्यासकांसाठी व्यवहाराचा झाला आहे.

उभ्या रेघेच्या चौथ्या प्रकाराचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. [लँग|="एमआर"] हा सिलेक्टर मूल्य नेमके ‘एमआर’ असेल किंवा ‘एमआर’नंतर लगेच आडवी रेघ असेल तरच जुळतो, म्हणून मराठीची सर्व रूपे त्यात येतात आणि दुसरी भाषा येत नाही. याच ठिकाणी आरंभ पाहणारा ^ वापरला, तर ‘एमआरजे’ हा संकेतही जुळेल, आणि तो आहे रशियातील वोल्गा नदीच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या हिल मारी भाषेचा. कोकणीच्या बाबतीत हीच चूक उलट दिशेने होते: कोरियन भाषेचा संकेत ‘केओ’ आणि कोकणीचा ‘केओके’ असल्यामुळे कोरियनसाठी आरंभावरून लिहिलेला नियम गोव्यातील कोकणी मजकुराला कोरियन फॉन्ट लावू पाहील. एका चिन्हाच्या निवडीवर एखादी भाषा आपल्या रूपात दिसणार की दुसरीच्या वेषात, हे अवलंबून राहते.

भाषेवरून निवड करण्याची गरज देवनागरीच्या घडणीतूनच निर्माण होते. वेलांट्या, मात्रा आणि रफार शिरोरेघेच्या वर, तर उकार आणि जोडाक्षरांचे भाग खाली जात असल्यामुळे मराठी ओळींना रोमन ओळींपेक्षा अधिक अंतर लागते. रोमन मथळ्यांत शोभून दिसणारे अक्षरांमधील वाढीव अंतर देवनागरीत शिरोरेघ तोडते. आणि जोर देण्यासाठी अक्षरे तिरकी करण्याची रोमन रीत देवनागरीच्या वळणाला मानवत नाही. मराठी लेखात इंग्रजी उतारे येत असतील, तर त्या उताऱ्यांवर भाषेची खूण करून दोन्ही लिप्यांना त्यांचे त्यांचे नियम लावता येतात. याशिवाय अनेक देवनागरी फॉन्टांत मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हिंदी वळणाच्या रूपांबरोबर साठवलेले असतात, आणि मजकूर मराठी आहे असे ‘लँग’ने सांगितले तरच ब्राउझर मराठी रूप पुढे आणतो. ही खूण नसेल, तर शुद्ध मराठी मजकूरही परक्या वळणाच्या अक्षरांत दिसू शकतो.

येथे एक मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे. ॲट्रिब्यूट सिलेक्टर फक्त त्या घटकावर प्रत्यक्ष लिहिलेली खूण पाहतो, वरच्या घटकाकडून वारशाने आलेली पाहत नाही. संपूर्ण पृष्ठावर एकदाच ‘एमआर’ लिहिले असेल, तर ‘ज्या परिच्छेदावर एमआर आहे’ असा नियम एकाही परिच्छेदाला लागू पडणार नाही, कारण खुद्द परिच्छेदावर काहीच लिहिलेले नसते. अशा वारशाने आलेल्या भाषेसाठी सीएसएसमध्ये ‘:लँग’ हा वेगळा सिलेक्टर आहे. तो घटकाची भाषा वरपर्यंत शोधत जातो.

अक्षर दिसते एक, साठते वेगळे

मूल्य मराठीत असेल तेव्हा अंश जुळवण्याचे तीन प्रकार आणखी जपून वापरावे लागतात. जुळवणी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसून युनिकोडमधील संकेतांची असते, आणि देवनागरीत मात्रा हा स्वतंत्र संकेत आहे. म्हणून ‘क’ने सुरू होणारे मूल्य विचारले असता ‘कविता’बरोबर ‘कादंबरी’ आणि ‘कोश’ही जुळतात, कारण काना आणि मात्रा ‘क’च्या मागून येतात, आणि ‘कर’ हा अंश विचारला तर करविषयक मजकुराबरोबर ‘शेतकरी’ आणि ‘करमणूक’ही हाती येतात.

याहून सूक्ष्म अडचण अशी, की एकच दिसणारे अक्षर दोन तऱ्हांनी साठवलेले असू शकते आणि सिलेक्टर त्यांना एक मानत नाही. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातील अर्धा र कोणी ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून लिहितो, तर कोणी साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह घालतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संकेतांची माळ वेगळी असते. स्वतः ‘ॲट्रिब्यूट’ या शब्दाचे पहिले अक्षरही याला अपवाद नाही: ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, आणि त्यापूर्वीची, ‘अ’वर चंद्र चढवून ते लिहिण्याची रीत अजूनही वापरात आहे. शहाणपणाचा मार्ग असा, की वाचकासाठीचा मजकूर मराठीत असावा, पण निवडीसाठी वापरायची मूल्ये मोजकी आणि एका जागी ठरवलेली असावीत. एचटीएमएलमध्ये ‘डेटा-’ने सुरू होणारे ॲट्रिब्यूट लेखकाला हव्या त्या नावाने घडवता येतात, आणि अशी ठरीव मूल्ये ठेवण्यासाठी ते सोयीचे असतात.

वजन आणि सावधगिरी

एकाच घटकावर अनेक नियम लागू होतात तेव्हा कोणता मानायचा, हे ठरवण्यासाठी सीएसएस प्रत्येक सिलेक्टरचे वजन पाहते. याला विशिष्टता म्हणतात. ॲट्रिब्यूट सिलेक्टरचे वजन वर्गनामाइतकेच असते, म्हणजे केवळ घटकनावापेक्षा जास्त आणि आयडीपेक्षा कमी. आयडी हाही एक ॲट्रिब्यूटच असल्यामुळे तो # या चिन्हाऐवजी चौकटी कंसात लिहून निवडला, तर तोच घटक सापडतो पण नियमाचे वजन वर्गनामाएवढे राहते, आणि नंतर त्यात बदल करणे सोपे जाते.

रकान्यातील मूल्याविषयीही एक गैरसमज होतो. रकान्यावर सुरुवातीला लिहिलेले मूल्य आणि वाचकाने टंकलेला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी असून सिलेक्टर पहिलीच पाहतो. काही प्रोग्राम मात्र टंकलेला मजकूरही ॲट्रिब्यूटमध्ये उतरवतात. गुप्त मूल्य ॲट्रिब्यूटमध्ये असेल आणि पृष्ठात परक्याने लिहिलेले शैलीपत्रक शिरू शकत असेल, तर ‘ज्याचे मूल्य अमुक अक्षराने सुरू होते, त्याची पार्श्वभूमी अमुक पत्त्यावरून आणावी’ असे नियम रचून एकेक अक्षर बाहेर कळवता येते. त्यामुळे शैलीपत्रक हे निरुपद्रवी नटवेपण आहे, असे समजून ते कोठूनही स्वीकारणे योग्य नाही.

खऱ्या नोंदीचे फळ

ॲट्रिब्यूट सिलेक्टरचे खरे महत्त्व सोयीच्या पलीकडचे आहे: तो रूपाला अर्थाच्या मागे चालायला लावतो. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो, आणि तो प्रोग्राम हीच विशेषणे ऐकवत असतो. चुकीच्या रीतीने भरलेल्या रकान्यावर ‘एरिया-इनव्हॅलिड’ ही खूण असेल, तर स्क्रीन रीडर ती चूक बोलून दाखवतो. आणि त्याच खुणेवरून सिलेक्टरने रकान्याला लाल कडा दिली, तर डोळस आणि दृष्टिहीन वाचकाला एकच गोष्ट एकाच वेळी कळते. लाल कडा मात्र केवळ वर्गनामाने दिली, तर खूण लावायची राहून गेली तरी पृष्ठ डोळ्यांना बिनचूक दिसते, आणि एका वाचकाला चूक दिसत असताना दुसरा अंधारात राहतो.

म्हणूनच हे साधन तपासनिसाचेही काम करते. ‘ज्या चित्राला आल्ट नाही, त्या चित्राभोवती जाड तांबडी रेघ यावी’ असा नियम तपासणीपुरता लिहिला, की वर्णन द्यायचे राहून गेलेले प्रत्येक चित्र पृष्ठभर उठून दिसते. केवळ शोभेच्या चित्रावर मुद्दाम रिकामा ठेवलेला आल्ट मात्र यातून सुटतो, कारण रिकामे मूल्य आणि नसलेला ॲट्रिब्यूट यांतील भेद सिलेक्टरला कळतो.

मराठी पृष्ठाच्या पहिल्याच घटकावर ‘लँग’ला ‘एमआर’ हे मूल्य देण्यास काही सेकंद लागतात. तेवढ्यावरून फॉन्ट पाकळीयुक्त ल पुढे करतो, स्क्रीन रीडर उपलब्ध असल्यास मराठी आवाज निवडतो, आणि शैलीपत्रक मराठी ओळींना हवे तेवढे अंतर देते. त्याच जागी ‘ईएन’ तसेच राहू दिले, तर तिघेही त्या चुकीच्या सांगण्यावर तितक्याच निष्ठेने चालतात: वळण परके होते, मराठी वाक्ये इंग्रजी उच्चारांत ऐकू येतात आणि मात्रा वरच्या ओळीला भिडतात. ‘जो’ सांगणारा खरे सांगेल, तरच ‘तो’ आपल्या रूपात उभा राहतो.